कोडिंग आणि चित्रकला दोन्ही एकाच करिअरमध्ये बसवता येतं का? (प्रश्न लांब आहे, वेळ काढून वाचा प्लीज)

ठिपके_जोडणारी

नमस्कार मंडळी. तुकड्यातुकड्यात विचारलं तर नीट कळणार नाही म्हणून सगळंच लिहिते.

मी २५ वर्षांची, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग झालंय, तीन वर्षं हिंजवडीत ऑटोमेशन टेस्टिंग करतेय. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षांना ए ग्रेड होती, ड्रॉइंगचे सर घरी येऊन सांगून गेले होते की हिला जेजेला पाठवा, पण बारावीला मार्क चांगले पडले आणि मग इंजिनिअरिंगच झालं. त्याचा कोणावर राग नाही, कोडिंग मला मनापासून आवडतं, नाइलाज म्हणून करतेय असं अजिबात नाही.

तर झालं असं की मागच्या दिवाळीत आजीकडे नाशिकला गेले होते आणि पहाटे अंगणात रांगोळीला बसलो तर आजी म्हणाली "पंधरा ते आठ काढ". ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, मधल्या ओळीत १५ ठिपके, मग वर आणि खाली १४, १३ असं कमी करत ८ पर्यंत, प्रत्येक ओळ अर्धं घर सरकवून. एकूण १६९ ठिपके होतात, मी मोजले. आणि ठिपके काढता काढताच डोक्यात आलं की आजीने तीन शब्दांत अख्खा प्रोग्राम सांगितलाय, दोन लूप लागतात फक्त. रात्री लॅपटॉपवर पी-फाइव्ह जेएसमध्ये (कोड लिहून चित्र काढायचं साधन) तेच केलं, मग कुठला ठिपका कुठल्याला जोडायचा याचे थोडे नियम टाकले, सहा बाजूंनी सारखं दिसेल असं केलं, आणि एका तासात शेकडो रांगोळ्या पडायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी आजीला स्क्रीनवर दाखवल्या. ती एकेक बघून म्हणते, ही रांगोळी आहे, ही नाही, ही नुसती जाळी आहे, ही बरी आहे. पटापट सांगते, अडखळत नाही. पण कशावरून ते तिला सांगता येत नाही आणि मला कोडमध्ये आणता येत नाही, आणि तेव्हापासून हीच एक गोष्ट डोक्यात आहे, ऑफिसात टेस्ट केस लिहिताना पण.

आता प्रश्न. असं काम करून पोट भरणारे लोक असतात का, आणि ते स्वतःला म्हणवतात काय, म्हणजे नोकरीच्या साइटवर मी शोधू काय? मास्टर्ससाठी बाहेर जायचं तर ४० लाखांच्या आसपास लोन होईल, बाबा "नाही" म्हणत नाहीयेत पण त्यांचा चेहरा मला कळतो. आणि सगळ्यात जास्त भीती ही की आता एक ओळ टाइप केली की चित्र तयार मिळतं, मग मी दोन-तीन वर्षं घालवून जे शिकेन त्याला कोण विचारणार?

---

चिंचोके

ताई, तुम्ही रांगोळीचं जे केलंय ना त्यावर मद्रास ख्रिश्चन कॉलेजात, तांबरमला, १९७० च्या दशकात काम झालंय. गिफ्ट सिरोमणी, रानी सिरोमणी आणि कमला कृथिवासन यांनी कोलम, म्हणजे तमिळ लोकांची ठिपक्यांची रांगोळी, घेऊन त्याचं व्याकरण मांडलं, म्हणजे भाषेत जसे वाक्य तयार करायचे नियम असतात तसे चित्र तयार करायचे नियम. अॅरे ग्रामर म्हणून शोधा. मी एमएस्सीला असताना थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनच्या पुस्तकात कंटाळा यायचा, आणि हे वाचल्यावर पहिल्यांदा तो विषय डोळ्यांना दिसला. करिअरचं मला काही सांगता येणार नाही, पण तुम्ही एकट्या नाही एवढं नक्की.

---

अक्षरवेडा

मी सांगू शकतो कारण माझं पोट यावरच चालतं. मी फॉन्ट इंजिनिअर आहे, मुंबईत. आधी पाच वर्षं ठाण्यात आयटी सपोर्टला होतो, आणि लहानपणापासून पाट्या रंगवायचा नाद.

नोकरीच्या साइटवर "कला अधिक कोड" असं काही मिळणार नाही. मी पण दोन वर्षं तेच शोधत होतो. मिळतं ते असं की एखादी वस्तू असते, अक्षर, कापड, आवाज, सिनेमातला धूर, गेममधलं पाणी, आणि ती वस्तू नीट करायची असेल तर हाताचं कसब आणि कोड दोन्ही लागतात, एकाने भागत नाही. तिथे आपली गरज पडते. म्हणून पदाचं नाव शोधू नका, वस्तू शोधा.

माझ्या वस्तूचं उदाहरण देतो. देवनागरीतली ऱ्हस्व वेलांटी घ्या. ती अक्षराच्या आधी बसते आणि तिची वरची कमान उजवीकडे त्या अक्षराच्या कान्यापर्यंत (उभ्या दांडीपर्यंत) पोचायला हवी. "नि" मध्ये काना जवळ आहे, "ष्ट्रि" मध्ये किंवा "क्ष्मि" मध्ये लांब आहे. एकच वेलांटी सगळीकडे वापरली तर कुठे कमान तोकडी पडते तर कुठे पुढे निघून जाते, आणि वाचणाऱ्याला नक्की काय चुकलंय ते कळत नाही पण पान अस्वस्थ वाटतं. तर चांगल्या फॉन्टात वेगवेगळ्या रुंदीच्या बऱ्याच वेलांट्या असतात. मी मागच्या फॉन्टात १८ केल्या. आता शेकडो जोडाक्षरांचा काना कुठे आहे ते मोजायचं, त्यांचे गट पाडायचे, कुठल्या गटाला कुठली वेलांटी ते फॉन्टच्या आत नियम म्हणून लिहायचं, हे हाताने केलं तर महिने जातील, म्हणून पायथनमध्ये स्क्रिप्ट. पण स्क्रिप्टने काढलेल्या १८ पैकी चार-पाच कमानी दरवेळी हाताने दुरुस्त कराव्या लागतात, कारण गणिताने बरोबर असलेली कमान डोळ्याला बरोबर दिसेलच असं नाही. तुमची आजी जे करते तेच. तुमचा प्रश्न वाचून मी बायकोला वाचून दाखवला.

आपल्याकडे या कामाला मोठी परंपरा आहे, आणि आपल्याच माणसांची. र. कृ. जोशी, जेजेचे विद्यार्थी, कवी, जाहिरात क्षेत्रात वर्षानुवर्षं काम, सुलेखनकार. १९८३ पासून पवईला आयआयटीच्या आयडीसीत, म्हणजे तिथल्या डिझाइनच्या विभागात, शिकवायला लागले, आणि जुहूच्या एनसीएसटी या सॉफ्टवेअर संशोधन संस्थेत त्यांनी प्रोग्रामर लोकांबरोबर बसून "विन्यास" नावाचं अक्षररचनेचं सॉफ्टवेअर उभं केलं. तुमच्या कॉम्प्युटरवर जो मंगल फॉन्ट आहे ना, विंडोज २००० पासून आलेला, तो त्यांचा. म्हणजे लाखो मराठी माणसांनी पहिला मराठी ईमेल ज्या अक्षरात वाचला ते अक्षर एका कवीने काढलेलं आहे. मला या एका गोष्टीने आयटी सपोर्ट सोडायचं बळ दिलं.

अजून एक. पायथन भाषा ज्यांनी बनवली ते खिदो फान रॉसम, त्यांचे सख्खे भाऊ युस्ट फान रॉसम हे अक्षररचनाकार. फॉन्टच्या धंद्यात पायथन एवढी मुरली आहे त्यात त्यांचा मोठा हात आहे. ड्रॉबॉट नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, पायथनने चित्र काढायचं, तेही त्यांच्याच मंडळींचं. मॅक असेल तर आजच उतरवून घ्या.

पैशाचं पण सांगतो, इथे कोणी सांगत नाही म्हणून. आयटी सोडल्यावर पहिली दोन वर्षं माझा पगार निम्म्यावर आला. घरभाडं बायकोच्या पगारातून गेलं. आता बरं चाललंय, परदेशी कंपन्यांचं देवनागरी आणि गुजरातीचं काम येतं कारण हे करणारी माणसं कमी आहेत. पण ती दोन वर्षं धरून चाला.

---

सोलापूरचा_माग

अक्षरवेडा दादांचं "वस्तू शोधा" एकदम पटलं. माझी वस्तू चादर.

आमच्या घरी पॉवरलूम, वडील आणि चुलते दोघं त्यातच. सोलापुरी चादरीची नक्षी जॅकार्डवर होते, आणि जॅकार्ड म्हणजे काय तर ताण्याचा कुठला धागा उचलायचा आणि कुठला खाली ठेवायचा हे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यावरून ठरतं. भोक आहे किंवा नाही. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमाराला जोसेफ मारी जॅकार्डने हे केलं आणि बॅबेजने आपल्या यंत्रासाठी पंचकार्डची कल्पना तिथूनच घेतली. म्हणजे कोड आणि कला एकत्र आणायचं म्हणतो ना आपण, त्या दोघी आमच्या शेडमध्ये कधी वेगळ्या झाल्याच नव्हत्या.

लहानपणी डिझाइन मास्तर ग्राफ पेपरवर एकेक चौकोन रंगवायचे, मी शेजारी बसून बघायचो. डिप्लोमा झाल्यावर मी पायथन शिकलो आणि वाटलं आता हजार नक्ष्या काढीन. काढल्याही. मास्तरांना दाखवल्या तर म्हणाले "पोरा, यातलं एक पण विणता येणार नाही". कारण कागदावर मोठा पांढरा भाग म्हणजे मागावर काय, तर एक धागा दहा-बारा धाग्यांवरून न अडकता मोकळा जातो. चादर धुतली, बांगडीत अडकली, की तो ओढला जाणार. मास्तर मोठ्या फुलाच्या पाकळीत मधेमधे बारीक ठिपके टाकायचे, मला वाटायचं शोभेला, ते धागा बांधायला होते! हे मला मास्तरांनी कधी सांगितलं नव्हतं कारण त्यांच्या दृष्टीने ते सांगायची गोष्टच नव्हती, हाताला माहीत होतं.

मग मी स्क्रिप्ट लिहिली, प्रत्येक ओळ वाचायची, कुठे धागा आठच्या वर मोकळा गेला तर तिथे बांधणीचा ठिपका टाकायचा, पण असा की फुलाचा आकार बिघडणार नाही. मास्तर ते बघायला कॉम्प्युटरपाशी तीन आठवडे रोज संध्याकाळी येऊन बसले. त्यांनी सांगावं मी लिहावं. आज चार कारखान्यांची डिझाइनं मी करतो, नवीन इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आहेत तिथे पुठ्ठे पण लागत नाहीत, फाइल थेट जाते. कमाई पुण्याच्या आयटीएवढी नाही पण घर आमचं आहे, खर्च कमी आहे.

ताई माझं एवढंच म्हणणं की आजीला "का?" असं विचारू नका. तिला सांगता येणार नाही. तिला चुकीची रांगोळी द्या आणि "दुरुस्त कर" म्हणा. हात कुठे जातो ते बघा.

---

ठिपके_जोडणारी

सोलापूरचे दादा, ही शेवटची ओळ मी वहीत लिहून ठेवली. मी आत्तापर्यंत आजीला फक्त "आवडली की नाही" विचारत होते. या शनिवारी जाते नाशिकला.

मास्टर्स आणि एआयचं पण कोणी सांगा ना.

---

पंचगंगा_ते_टेम्स

मी लंडनला कॉम्प्युटेशनल आर्टचं मास्टर्स केलंय, मूळची कोल्हापूरची. एक वर्षाचा कोर्स, फी, भाडं, खाणं, विमान सगळं धरून ३६ लाख झाले, त्यातले २५ लोन. अजून फेडतेय. आता एका छोट्या स्टुडिओत आहे, आम्ही म्युझियमसाठी इंटरॅक्टिव्ह गोष्टी करतो, म्हणजे भिंतीसमोर माणूस उभा राहिला की भिंतीवरचं चित्र त्याच्या हालचालीने बदलतं वगैरे. काम मला आवडतं. पण महिन्यातले कितीतरी दिवस प्रोजेक्टर सरळ लावणे, केबल ओढणे आणि क्लायंटला बजेट समजावणे यात जातात, हे कोर्सच्या माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.

कोर्समध्ये काय मिळालं ते प्रामाणिकपणे सांगते. कोड मला आधीच येत होता, तो फुकट शिकता येतो, प्रोसेसिंग हे कोडने चित्र काढायचं सॉफ्टवेअर २००१ मध्ये केसी रीस आणि बेन फ्राय यांनी एमआयटीत सुरू केलं तेव्हापासून फुकटच आहे, पी-फाइव्ह जेएस पण फुकट, डॅनियल शिफमनचे व्हिडिओ बघून निम्मं जग शिकलंय. कोर्समध्ये मिळालं ते म्हणजे दर आठवड्याला वीस जणांसमोर आपलं काम भिंतीला लावायचं आणि त्यांनी तोंडावर सांगायचं की यात काहीच नाही. पहिल्या टर्मला मी दोनदा रडले. पण त्यानंतर माझं काम बदललं. ही गोष्ट पुण्यात चार माणसं जमवून करता येईल का? माझ्या मते येईल, फक्त त्या चौघांना खरं बोलता आलं पाहिजे.

लोन न काढता जायचं असेल तर दोन वाटा आहेत. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवण्याची फी नसते, सेमिस्टरचं शुल्क असतं, पण व्हिसासाठी वर्षाच्या राहण्याखाण्याचे साधारण १२ हजार युरो आधी बँकेत अडकवून दाखवावे लागतात. ब्रेमेन बघ, तिथे फ्रीडर नाके १९७२ पासून शिकवायला होते, कॉम्प्युटरने काढलेल्या चित्रांची जगातली अगदी सुरुवातीची प्रदर्शनं करणाऱ्यांपैकी एक. आणि दुसरी वाट म्हणजे इथेच आयडीसी. तिथल्या मास्टर्सच्या प्रवेशाची सीड ही परीक्षा जानेवारीत असते, कुठल्याही शाखेची पदवी चालते, एक भाग ऑब्जेक्टिव्ह आणि एक भाग चित्र काढायचा. तुझा इंटरमिजिएटचा हात अजून गेला नसेल तर तुला जमेल.

आता एआय. यात मला खूप बोलायचंय.

हॅरल्ड कोहेन नावाचा इंग्लिश चित्रकार होता, १९६६ ला व्हेनिसच्या बिएनाले या मोठ्या कलाप्रदर्शनात ब्रिटनतर्फे गेलेला, म्हणजे नाव झालेलं होतं. तो १९६८ ला कॅलिफोर्नियात गेला, तिथे प्रोग्रामिंग शिकला आणि "आरॉन" नावाचा चित्र काढणारा प्रोग्राम लिहायला लागला. २०१६ मध्ये वारला तोपर्यंत तेच करत होता, चाळीस वर्षांच्या वर एकच प्रोग्राम! सुरुवातीला आरॉन फक्त रेघा काढायचा आणि रंग कोहेन स्वतः भरायचा. रंग कसा निवडायचा हे यंत्राला शिकवायला त्याला कितीतरी वर्षं लागली, त्यासाठी त्याने सी भाषा सोडून लिस्पमध्ये परत लिहिलं. आरॉनला त्याने लाखो चित्रं दाखवली नाहीत. माणूस म्हणजे काय, झाड म्हणजे काय, पुढची वस्तू मागचीला झाकते म्हणजे काय, हे एकेक नियम करून सांगितलं, आणि प्रत्येक नियम लिहिताना "मी स्वतः हे कसं करतो" हा प्रश्न त्याला पडला. मी त्याच्या कामावर प्रबंध लिहिला आणि मला त्यातून कळलं ते हेच की प्रोग्राम हे त्याचं विचार करायचं साधन होतं. एक ओळ टाइप करून चित्र मिळालं तर चित्र मिळतं, तो विचार मिळत नाही. तुला आजीचा डोळा समजून घ्यायचाय. त्या यंत्राला "सुंदर रांगोळी" सांगितलीस तर ते रांगोळीसारखं काहीतरी देईल, आणि त्यातले ठिपके मोज तू एकदा, पंधरा ते आठचा हिशोब तिथे लागत नाही. मी करून बघितलंय.

आणि "कॉम्प्युटेशनल क्रिएटिव्हिटी" हा अभ्यासाचा वेगळा विषय आहे, याच नावाची आंतरराष्ट्रीय परिषद २०१० पासून भरते. मार्गारेट बोडेन या संशोधक बाईंनी मांडलेले सर्जनशीलतेचे तीन प्रकार तिथे सगळ्यांना पाठ असतात. माहीत असलेल्या गोष्टींची नवी सांगड घालणं, नियमांच्या आत राहून कानाकोपरा धुंडाळणं, आणि नियमच बदलून टाकणं. तुझा प्रोग्राम यातला दुसरा प्रकार करतोय. आजी म्हणते "ही नुसती जाळी आहे" तेव्हा ती तिच्या मनातली हद्द सांगतेय. या विषयात करायचं असेल तर पीएचडी, आणि युरोपात पीएचडीला बऱ्याच ठिकाणी पगार किंवा स्टायपेंड असतो, म्हणजे मास्टर्ससारखं लोन नाही. नुसत्या या नावाने कंपनीत जागा मात्र मला अजून दिसली नाही.

---

तीनताल

वरच्या ताईंनी कोहेनचं सांगितलं म्हणून मी तबल्याचं सांगतो, कारण आजीवाल्या प्रश्नाचं जवळपास उत्तर तिथे आहे.

१९८० च्या दशकात जिम किपन नावाचे एक संशोधक लखनौ घराण्याच्या उस्ताद आफाक हुसेन खाँ साहेबांकडे तबला शिकत होते. त्यांनी आणि बर्नार्ड बेल या फ्रेंच कॉम्प्युटर शास्त्रज्ञाने मिळून "बोल प्रोसेसर" केला. कायद्याचे (तबल्यातल्या ठरावीक बोलरचनेचे) पलटे, म्हणजे त्याच बोलांचे फेरफार, कसे करतात याचे नियम व्याकरणासारखे लिहायचे, मशीनने त्यातून नवे पलटे काढायचे आणि ते खाँ साहेबांना ऐकवायचे. ते म्हणणार हे बरोबर, हे आमच्याकडे वाजवत नाहीत. जिथे "नाही" आलं तिथे नियम बदलायचा, परत ऐकवायचं. म्हणजे नियम कोणीच आधी सांगितले नाहीत, उस्तादांच्या हो-नाही मधून ते हळूहळू बाहेर आले. ठिपके ताई, तुम्ही हेच करताय, फक्त पद्धतशीर करा, प्रत्येक रांगोळीला नंबर द्या, आजीचं उत्तर लिहून ठेवा, नियम बदलल्याची तारीख लिहा.

आणि हेच बर्नार्ड बेल नंतर पुण्यात जात्यावरच्या ओव्यांच्या कामात होते! हेमा राईरकर आणि गी पोतवँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्या ओव्यांचा डेटाबेस आणि रेकॉर्डिंग यात बेल यांचा हात आहे, आणि आज त्यातल्या बऱ्याच ओव्या परीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) साइटवर वाचायला-ऐकायला मिळतात. मला हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण माझ्या आत्याच्या गावातल्या बायकांच्या ओव्या त्यात आहेत.

मी स्वतः दिवसा बँकेच्या सॉफ्टवेअरवर काम करतो आणि रात्री लाइव्ह कोडिंग, म्हणजे लोकांसमोर कोड टाइप करत संगीत वाजवायचं. टायडल सायकल्स म्हणून आहे, अॅलेक्स मॅक्लीन यांचं. त्यात सगळं आवर्तनात मोजतात, ओळी कितीही वाढवा आवर्तन तेवढंच राहतं. तबला शिकलेल्या माणसाला ते पहिल्या दिवशी कळतं, सम कुठे आहे ते हातात असतंच. ब्राउझरमध्ये चालणारं स्ट्रुडल पण आहे, काही इन्स्टॉल करायला नको. यातून मला पैसे जवळपास मिळत नाहीत, आणि मी नोकरी सोडणार पण नाहीये, हाही एक मार्ग आहे हे कोणीतरी सांगायला पाहिजे. मला रात्री दोन तास मिळतात ते पूर्ण माझे असतात, तिथे क्लायंट नाही.

---

गोरेगाव_रेंडर

मी थोडं वेगळं म्हणेन. ताई २५ वर्षांची आहे, लोनची भीती आहे, तिला आधी पगार देणारी वाट सांगा. व्हीएफएक्स (सिनेमातली कॉम्प्युटरने केलेली दृश्यं) आणि गेममध्ये अशा माणसांची नोकरी आहे आणि तिला नाव पण आहे, टेक्निकल आर्टिस्ट. हे शोधा, किंवा एफएक्स टीडी, म्हणजे टेक्निकल डायरेक्टर.

काम काय असतं तर समजा पडद्यावर पूर यायचाय. प्रत्येक थेंब कोणी हाताने काढत नाही. हुडिनी नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये नियम बांधायचे, नोड जोडायचे, मधे वेक्स भाषेत कोड लिहायचा, आणि मग डायरेक्टर म्हणणार "पाणी रागावलेलं वाटत नाहीये". आता "रागावलेलं" याचं रूपांतर आकड्यात कोण करणार, तो टेक्निकल आर्टिस्ट. गेममध्ये शेडर. शेडर म्हणजे एक छोटा प्रोग्राम जो पडद्यावरच्या प्रत्येक पिक्सेलसाठी चालतो. फुल एचडी पडदा म्हणजे १९२० गुणिले १०८०, २०,७३,६०० पिक्सेल, सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे बारा कोटींच्या वर वेळा तुमचा तो प्रोग्राम एका सेकंदात चालणार. त्यात एक ओळ वाचवली तर फरक पडतो, आणि रंग चुकला तर लगेच दिसतो. मला हे काम अकरा वर्षांनंतरही सुंदर वाटतं.

हुडिनीची शिकाऊ आवृत्ती फुकट आहे, शेडरटॉय साइटवर लोकांनी आपले कोड उघडे ठेवलेत, तिथे इनिगो कीलेझ यांचे बघा, नुसत्या गणितातून डोंगर, ढग, गोगलगाय. कॉलेज नाही विचारत कोणी आमच्यात, रील बघतात, दीड-दोन मिनिटांचा व्हिडिओ. वाईट बाजू पण ऐका. डेडलाइनला रात्रीची झोप नाही, मी ज्या स्टुडिओत आधी होतो तिथे शेवटचे तीन महिने पगार थकला होता आणि अजून मिळालेला नाही. म्हणून हिंजवडी लगेच सोडू नका, सहा महिने रात्री शिका, रील करा, मग अर्ज.

---

अक्षरवेडा

गोरेगाव, तुमचं पगाराचं म्हणणं बरोबर आहे, पण तिच्या हातात आत्ताच एक खरा प्रश्न आहे आणि तो तिचा स्वतःचा आहे. आमच्याकडे मुलाखतीला येणाऱ्या पोरांचे पोर्टफोलिओ मी बघतो, बहुतेक सगळ्यांनी त्याच व्हिडिओवरून तेच केलेलं असतं. पंधरा ते आठ आणणारी पोरगी आली तर मी खुर्चीवरून उठेन. रीलमध्ये पूर टाकायचा तर टाकू दे, पण रांगोळी पहिली.

---

पंचगंगा_ते_टेम्स

+१. आणि ठिपके, एक सराव देते. गेओर्ग नेस हा सिमेन्समध्ये नोकरीला असलेला गणितज्ञ, १९६५ ला श्टुटगार्टला त्याने कॉम्प्युटरने काढलेली चित्रं लावली. त्याचं "शोटर" नावाचं नंतरचं चित्र शोध, आडवे १२ आणि उभे २२ चौकोन, वर अगदी शिस्तीत आणि खाली येता येता वाकडे होत विखुरतात. पी-फाइव्हमध्ये वीस ओळींत होतं. ते केलंस की मग विखुरण्याचा वेग बदलून बघ, किती विखुरलं की ते चित्र राहत नाही, कचरा होतं, ती जागा शोध. आजीला जी हद्द दिसते ती तुला तिथे स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

आणि कॉम्प्युटर नसला तरी अडत नाही. व्हेरा मोलनार ही चित्रकार पॅरिसमध्ये १९५९ पासून जवळपास दहा वर्षं मनातल्या मनात यंत्र धरून, नियम ठरवून, हाताने चित्रं काढत होती. खरं मशीन १९६८ ला मिळालं. २०२३ मध्ये ९९ व्या वर्षी गेली, शेवटपर्यंत काम चालू.

---

ठिपके_जोडणारी

नाशिकहून आले. सगळं नीट लिहिते कारण तुमच्यामुळेच झालंय.

६० रांगोळ्या कागदावर प्रिंट करून नेल्या, प्रत्येकीला नंबर. आजीला पेन दिलं आणि म्हटलं दुरुस्त कर. आधी ती म्हणाली छापलेल्यावर कशाला लिहायचं, मग बसली. पहिल्या दहा-बारात मला काही कळेना, कुठे रेघ वाढवतेय, कुठे खोडतेय. मग नंबर १७ वर ती थांबली आणि स्वतःशीच म्हणाली "यात रंग कुठे भरू?"

तेच होतं! ती रांगोळीच्या रेघा बघतच नव्हती, रेघांच्या मधली जागा बघत होती. जिथे सगळी घरं सारखी आणि बारीक, ती "जाळी". जिथे मधे एक मोठं घर आणि भोवती लहान, ती "रांगोळी", कारण तिथे चिमटीतून रंग सोडता येतो. आणि जिथे रेघ बंदच होत नाही तिथे ती काही न बोलता पेनाने बंद करत होती. मी चार महिने रेघांचे नियम लिहीत बसले होते, आणि बघायची होती ती घरं.

रविवारी रात्री तिथेच बसून कोड बदलला. आता प्रोग्राम आधी बंद घरं मोजतो, त्यांचं क्षेत्रफळ काढतो, आणि लहानमोठं पुरेसं नसेल तर रांगोळी टाकून देतो. जुन्या ६० मधल्या ११ आजीने पास केल्या होत्या. नवीन ४० दाखवल्या त्यातल्या २६ पास. ज्या १४ नापास झाल्या त्यांच्यावर तिने काय खुणा केल्यात ते अजून बघायचंय, त्यातल्या पाच-सहा ठिकाणी तिने अगदी मधला ठिपका मोकळा केलाय, कशासाठी ते मला अजून कळलं नाही.

सीडचा फॉर्म भरणार आहे, नोकरी सोडत नाही तोपर्यंत. बाबांना लोनचं नाही पण आजीच्या २६ रांगोळ्यांचं सांगितलं, त्यांनी कागद मागवून घेतले आणि बराच वेळ बघत बसले.

---

सोलापूरचा_माग

मधला ठिपका मोकळा म्हणजे तिथे पणती ठेवायची असेल बघा. विचारा आजीला.

---

ठिपके_जोडणारी

आत्ता फोन केला. पणतीच.